रिअ‍ॅक्शन कळवायला खात्री लागत नाही, शंका पुरते

तालुक्याच्या गावी स्वतःचे मेडिकल चालवणाऱ्या, बी. फार्म. झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. औषधामुळे रुग्णाला त्रास झाल्याचे कानावर आले, तर तो सरकारकडे कळवण्याचा अधिकार दुकानातल्या फार्मासिस्टला आहे का? कळवले तर गावातल्या डॉक्टरांशी असलेले संबंध बिघडणार नाहीत का? आणि फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या औषधदक्षतेचा, धडा कॉलेजात सगळ्यांनीच गिरवलेला असताना ओळखीतला एकही केमिस्ट रिपोर्ट पाठवताना का दिसत नाही? काही वर्षे दुकानाच्या काउंटरवर आणि नंतर बराच काळ एका वैद्यकीय महाविद्यालयात अशा रिपोर्टची छाननी करण्यात घालवल्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. तिसऱ्याला मात्र वेळ द्यावा लागेल.

अधिकार आहे, आणि त्याबाबत शंका ठेवण्याचे कारण नाही. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आधी दिल्लीच्या एम्समध्ये होते, ते एप्रिल २०११ मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, म्हणजे आपण ज्याला आयपीसी म्हणतो त्या संस्थेकडे गेले. या कार्यक्रमात डॉक्टर, दंतवैद्य, नर्स आणि फार्मासिस्ट या सर्वांना रिपोर्ट करता येतो, आणि रुग्णाला स्वतःलाही करता येतो. त्याच्यासाठीचा वेगळा फॉर्म मराठीतही उपलब्ध आहे. औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची ब्रिटनची ‘यलो कार्ड’ योजना १९६४ पासून चालू होती, पण तिथल्या दुकानांतील फार्मासिस्टांना तिची दारे देशभर उघडली ती १९९९ मध्ये. आपल्याकडे ही वाट पाहावी लागली नाही. औषध कंपन्यांना २०१६ पासून कायद्याने औषधदक्षतेची यंत्रणा ठेवावी लागते. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी मात्र रिपोर्टिंग ऐच्छिक आहे. माझ्या मते नेमके इथेच घोडे पेंड खाते, कारण ज्या कामाची तपासणी होत नाही आणि ज्याचे रजिस्टर अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक मागत नाही, ते काम दुकानात दिवसाच्या शेवटी उरते आणि उद्यावर जाते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. फार्मासिस्टांच्या मनोवृत्तीबद्दल आपल्याकडे आणि बाहेरही सर्वेक्षणे पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांचे चित्र बहुधा एकाच साच्याचे असते: रिपोर्ट करणे हे आपले व्यावसायिक कर्तव्य आहे असे बहुसंख्य जण लिहून देतात, आणि आजवर स्वतः रिपोर्ट पाठवला आहे का, या प्रश्नाला फार थोडे जण ‘होय’ म्हणतात. हा प्रकार केवळ आपल्याच पेशात आहे असेही नाही. १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात न कळवल्या गेलेल्या रिअ‍ॅक्शनचे मध्यक प्रमाण ९४ टक्के निघाले होते. म्हणून ‘मनोवृत्ती सकारात्मक आहे’ हा अशा सर्वेक्षणांचा ठरलेला निष्कर्ष मला फारसा उपयोगी वाटत नाही. कर्तव्य आहे का, असे विचारल्यावर नाही म्हणणारा विरळा. खरा प्रश्न असा की, रुग्ण समोर उभा असताना, मागे चार माणसे ताटकळत असताना आणि फोनवर होलसेलरचा माणूस ऑर्डर मागत असताना हाताकडून फॉर्म का उचलला जात नाही.

ब्रिटिश डॉक्टर विल्यम इनमन यांनी १९७० च्या दशकात डॉक्टरांच्या अनास्थेची कारणे ‘सात घोर पापे’ म्हणून मांडली होती: बाजारात आले ते औषध सुरक्षितच असणार हा गाफीलपणा, खटल्याची भीती, आपल्या हातून रुग्णाला इजा झाली ही अपराधी भावना, माहिती स्वतःजवळ ठेवून शोधनिबंध लिहिण्याची महत्त्वाकांक्षा, अज्ञान, निव्वळ शंकेवरून कळवले तर लोक हसतील हा संकोच आणि शेवटी आळस. दुकानातल्या फार्मासिस्टला यातली महत्त्वाकांक्षा क्वचितच लागू पडते. अज्ञानाचा वाटाही मला वाटतो तेवढा मोठा नाही. सर्वांत जास्त भरतो तो संकोच. ‘ही रिअ‍ॅक्शन याच गोळीमुळे आली, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? उद्या भलतेच निघाले तर?’ हे वाक्य शब्द बदलून मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि चांगल्या, अभ्यासू फार्मासिस्टांकडून जास्त ऐकले आहे.

या संकोचाचे उत्तर यंत्रणेच्या रचनेतच आहे. फॉर्मच्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे. कारणसंबंध ठरवण्याचे काम रिपोर्ट पाठवणाऱ्याचे नाही. ते केंद्रावर होते. तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि उप्साला मॉनिटरिंग सेंटर (जगभरातले असे रिपोर्ट एकत्र करणारी स्वीडनमधली संस्था) यांच्या वर्गवारीनुसार प्रत्येक रिपोर्ट निश्चित, संभवनीय, शक्य, असंभाव्य अशा कोणत्या तरी वर्गात बसवला जातो. दहा प्रश्नांची नारंजो गुणपद्धतीही वापरली जाते. छाननीला आलेल्या फॉर्मपैकी ‘निश्चित’ या वर्गात बसणारे फॉर्म मला नेहमीच मूठभर दिसले. उरलेले सगळे ‘संभवनीय’ आणि ‘शक्य’ यांत वाटले जात, आणि तरीही कामाचे असत. एका दुकानातून आलेली शंका कमकुवत असते हे खरे, पण तीच शंका लातूर, मडगाव आणि कोइमतूर येथून आली की तिचे वजन बदलते, आणि ते वजन बदलले आहे हे गाझियाबादला किंवा उप्सालालाच दिसू शकते. तुम्हाला ते दिसणे शक्यच नाही. खात्री होईपर्यंत थांबायचे असे प्रत्येकाने ठरवले, तर ती खात्री कोणालाच कधी होणार नाही.

यामागे साधे गणित आहे. एखादी रिअ‍ॅक्शन १०,००० रुग्णांमागे एकाला होत असेल, तर ती एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के शक्यता हवी असल्यास सुमारे ३०,००० रुग्णांना ते औषध द्यावे लागते. औषधाला परवानगी मिळण्यापूर्वीच्या चाचण्यांत बहुधा काही हजार माणसेच असतात. त्यांत अतिवृद्ध, गरोदर स्त्रिया किंवा एकाच वेळी सात गोळ्या घेणारे रुग्ण जवळजवळ नसतात. तुमच्या काउंटरवर मात्र रोज तेच येतात. आणि हे केवळ नव्या औषधांपुरते आहे असे समजू नये. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतले जाणारे मेफेनॅमिक अ‍ॅसिड अनेक दशके जुने आहे. तरीही आयपीसीने त्याबाबत ‘ड्रेस’ या गंभीर रिअ‍ॅक्शनचा इशारा दिला तो २०२३ च्या नोव्हेंबरअखेर, आणि तोही याच कार्यक्रमात जमा झालेल्या नोंदींच्या प्राथमिक विश्लेषणावरून. ड्रेसमध्ये ताप, अंगावर पुरळ, गाठींना सूज आणि यकृतासारख्या अवयवांना इजा होते, आणि ती बहुधा औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी उद्भवते. इतक्या दिवसांपूर्वीची गोळी रुग्णाच्या लक्षातही नसते; ती तुमच्या बिलात असते.

संकोचाखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत पर्याय म्हणून छापलेले मला कधी दिसले नाही. आपल्या पेशात ते सगळ्यांना ठाऊक असते. जुलाब लागले म्हणून कोणी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी नाव घेऊन मागतो, चिठ्ठी नसते, दुकानदार देतो. दोन दिवसांनी तोच माणूस ओठावर आणि हाताच्या पंजावर काळपट-जांभळे गोल डाग घेऊन येतो आणि सांगतो की, मागच्या वर्षीही गोळी घेतल्यावर अगदी याच जागी डाग उठले होते. ही फिक्स्ड ड्रग इरप्शन, म्हणजे त्याच औषधाने दर वेळी त्याच जागी डाग उठवणारी प्रतिक्रिया, असण्याची दाट शक्यता आहे, हे कोणताही जाणकार फार्मासिस्ट पाहताक्षणी ओळखेल. पण फॉर्म भरायचा तर पेन अडखळते, कारण शेड्यूल एचचे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारे, औषध चिठ्ठीविना विकल्याची कबुली स्वतःच्या सहीने दिल्यासारखे वाटते. काही दुकानांत तर काउंटरवर फार्मासिस्टच नसतो, फक्त भिंतीवर त्याचे सर्टिफिकेट असते. तिथून रिपोर्ट येण्याची अपेक्षा करणेच व्यर्थ आहे. या भीतीवर माझे मत स्पष्ट आहे: रिपोर्ट दिल्याने कळवणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते, असे फॉर्मवरच छापलेले आहे, आणि परवाना तपासणे हे या कार्यक्रमाचे कामही नाही, म्हणून अशा प्रसंगीही रिपोर्ट द्यावा. चिठ्ठीविना विक्री ही वेगळी चूक आहे. ती थांबवायलाच हवी, पण ती लपवण्यासाठी दुसरी माहिती दाबून ठेवणे म्हणजे त्याच रुग्णावर तिसऱ्यांदा तेच डाग उठण्याची सोय करणे होय.

आता तुमच्याकडे असे काय आहे जे डॉक्टरांकडे नाही, हे पाहा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असतो. प्रत्यक्ष कोणता दिला गेला, कोणत्या कंपनीचा, कोणत्या बॅचचा, हे तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. रुग्ण गुडघ्यासाठी एका डॉक्टरांकडे, साखरेसाठी दुसऱ्यांकडे आणि झोपेसाठी तिसऱ्यांकडे जातो; त्या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या तुमच्याच काउंटरवर. मधल्या काळात त्याने स्वतःहून घेतलेली वेदनाशामक गोळी, पाचक चूर्ण किंवा वजन कमी करण्याची पावडर ही माहितीही तुमच्याकडेच असते. (आयुर्वेदिक आणि इतर आयुष औषधांसाठी वेगळा औषधदक्षता कार्यक्रम आहे, पण आधुनिक औषधाबरोबर ती घेतली जात असतील तर याच फॉर्ममध्ये सोबतची औषधे म्हणून लिहावीत.) बॅच नंबरचे महत्त्व सांगण्यासाठी दूर जायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ हे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, म्हणजे तो औषधाच्या गुणधर्माचा नव्हे, विषारी भेसळीचा प्रकार होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरॉलमधल्या याच विषाने १४ रुग्णांचे प्राण घेतले होते. असे काही घडत असते तेव्हा पहिल्या रुग्णाच्या वेळी ते साधी रिअ‍ॅक्शन आहे की भेसळ आहे हे कोणालाच कळत नाही; बॅच नंबरसह आलेल्या दोन-तीन नोंदी मात्र तपास योग्य दिशेला नेऊ शकतात. म्हणूनच पट्टी कापून चार गोळ्या देताना बॅच आणि मुदत असलेला भाग कापला जाणार नाही याची काळजी घ्यावी, आणि बिल न मागणाऱ्यालाही बिल द्यावे.

रिअ‍ॅक्शन ओळखण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण रुग्ण ‘मला रिअ‍ॅक्शन आली’ असे म्हणत येत नाही. तो म्हणतो, गोळी गरम पडली, औषध मानवले नाही, अंगावर गांधी उठल्या, तोंडाची चव गेली. बऱ्याचदा तो तेवढेही म्हणत नाही आणि दुसरेच औषध मागतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालेला साठीचा गृहस्थ महिन्याभराने कोरड्या खोकल्यासाठी सिरप मागतो, ते संपल्यावर दुसरे मागतो आणि तिसऱ्या वेळी ‘हवामानच असे आहे’ म्हणतो. या गटातल्या औषधांनी होणारा कोरडा खोकला पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतो, तरी काउंटरवर तो सिरपच्या विक्रीत बुडून जातो. अशा वेळी सिरप काढण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: खोकला केव्हापासून आहे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली? अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्याच्या पायांना आलेली सूज आणि त्यावर आलेली लघवीची गोळी, किंवा अ‍ॅसिडिटीसाठी लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल महिनोन्‌महिने घेणाऱ्या आजींच्या हाताला आलेला कंप आणि मंदावलेली चाल, ही याच जातीची उदाहरणे आहेत. यातली शेवटची मला सर्वांत गंभीर वाटते. तो कंप वयाचा समजला जातो, त्यावर पार्किन्सनच्या गोळ्या सुरू होतात, आणि मूळ कॅप्सूल मात्र दर महिन्याला तुमच्याच दुकानातून जात राहते.

‘हे सगळे तर माहीत असलेलेच दुष्परिणाम आहेत, ते कशाला कळवायचे?’ असा आक्षेप इथे हमखास येतो. आपल्या कार्यक्रमात ज्ञात-अज्ञात, सौम्य-गंभीर अशा सर्वच संशयित रिअ‍ॅक्शन स्वीकारल्या जातात, कारण माहीत असलेली रिअ‍ॅक्शनही कोणत्या वयात, कोणत्या मात्रेला आणि आपल्या लोकांत किती वेळा होते, हे परदेशी आकड्यांवरून कळत नाही. तरीही वेळ कमी असेल तर क्रम लावावा. मृत्यू, जिवावर बेतणे, रुग्णालयात भरती व्हावे लागणे, कायमचे अपंगत्व किंवा बाळात जन्मजात दोष, यांपैकी काही घडले असेल तर त्याच दिवशी कळवावे; त्यानंतर नव्या औषधांची कोणतीही रिअ‍ॅक्शन; आणि त्यानंतर बाकीच्या. अ‍ॅम्लोडिपिनच्या प्रत्येक सुजेसाठी फॉर्म भरायचे ठरवाल तर महिन्याभरात कंटाळून सगळेच सोडून द्याल.

डॉक्टरांशी असलेल्या संबंधांचा तुमचा दुसरा प्रश्न गैर नाही. तालुक्याच्या गावी दुकान दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर चालते, आणि ‘केमिस्ट आता मला शिकवणार’ ही प्रतिक्रिया काल्पनिक नाही. पण यातले बरेचसे सांगण्याच्या रीतीवर अवलंबून असते. रुग्णासमोर ‘ही गोळी चुकीची दिली’ असे कधीही म्हणू नये; ते बहुधा खरेही नसते, कारण योग्य औषध योग्य मात्रेत दिले तरी रिअ‍ॅक्शन येते. डॉक्टरांना फोन करून, ‘सर, आपल्या अमुक पेशंटना रामिप्रिलनंतर कोरडा खोकला सुरू झाला आहे, तुमच्याकडे पाठवू का? आणि याचा रिपोर्ट आपण मिळून भरू या का?’ असे विचारले, तर माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टर सहकार्य करतात. ज्यांना स्वतःचे नाव नको असते, त्यांच्याबाबतीत रिपोर्ट तुमच्या नावाने जातो. डॉक्टरांची परवानगी ही काही पूर्वअट नाही. मात्र कळवणे आणि औषध बंद करणे या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. फिटच्या किंवा हृदयाच्या गोळ्या आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद झाल्या तर रिअ‍ॅक्शनपेक्षा मोठा अनर्थ होऊ शकतो. उलट पुरळासोबत ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत फोड असतील, कातडी सुटत असेल, ओठ-जीभ सुजून श्वासाला त्रास होत असेल, तर पुढची गोळी घेऊ नका असे सांगून, सर्व पट्ट्या सोबत देऊन रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे आणि फॉर्म नंतर भरावा.

फॉर्म भरणे वाटते तेवढे किचकट नाही. रुग्णाची आद्याक्षरे आणि वय, संशयित औषध, झालेला त्रास व तो सुरू झाल्याची तारीख आणि कळवणाऱ्याची माहिती, या चार गोष्टी असल्या की रिपोर्ट ग्राह्य धरता येतो. पण छाननी करणाऱ्याच्या नजरेतून सांगायचे तर रिपोर्टचा जीव तारखांत असतो. ‘गोळ्या घेतल्यावर पुरळ आले’ या वाक्यातून काहीच ठरवता येत नाही. ‘५ तारखेला सकाळी पहिली गोळी, दुपारी ओठाला खाज, संध्याकाळी डाग, ६ तारखेला गोळी बंद, १२ तारखेला डाग फिकट, मागील वर्षी याच गोळीनंतर याच जागी डाग’ एवढे लिहिले असेल तर केंद्रावरचा माणूस तुम्हाला मनोमन धन्यवाद देतो. निदानाचे इंग्रजी नाव आठवले नाही तर डाग कसा दिसतो ते लिहावे. रुग्णाच्या परवानगीने मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तमच.

पाठवायचे कुठे, हा प्रश्न आता अवघड राहिलेला नाही. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात बहुधा या कार्यक्रमाचे निरीक्षण केंद्र असते, आणि ते औषधशास्त्र विभागात सापडते. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून माहिती देता येते, मोबाइल अ‍ॅप आहे, आणि औषध दुकानांत रिपोर्ट नोंदवण्याचा क्यूआर कोड दर्शनी भागी लावण्याच्या सूचनाही अलीकडे निघाल्या आहेत. तो कोड रुग्णासाठी आहे असे समजून त्याच्याकडे पाठ करून बसू नका. काउंटरच्या आतल्या बाजूला, बिलाच्या प्रिंटरजवळ त्याची एक प्रत चिकटवली की स्वतःलाही वापरता येतो.

रिपोर्ट पाठवल्यावर पुढे काय झाले ते कळत नाही, ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार रास्त आहे. तुमची नोंद उप्सालाच्या जागतिक संचातल्या तीन कोटींहून अधिक नोंदींत जाऊन मिसळते आणि तुम्हाला फार तर पोच मिळते. ज्याला रिपोर्टिंग वाढवायचे आहे त्या यंत्रणेने कळवणाऱ्याला दोन ओळींचे उत्तर देण्याची सोय आधी करायला हवी, असे मला वाटते. तोवर आपल्यापुरता उपाय असा की, पाठवलेल्या फॉर्मची प्रत आणि मिळालेला नोंदणी क्रमांक एका वहीत लावून ठेवावा. रुग्ण पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला येईल तेव्हा खोकला थांबला का, डॉक्टरांनी गोळी बदलली का, हे विचारून घ्यावे आणि केंद्राला त्याच क्रमांकाचा हवाला देऊन कळवावे. ही पुढची माहिती आधीच्या नोंदीला जोडली जाते, आणि औषध बंद केल्यावर त्रास थांबला एवढी एक ओळ जोडली गेली की ‘शक्य’ या वर्गातला रिपोर्ट बऱ्याचदा ‘संभवनीय’ या वर्गात जाऊ शकतो.